पावडरची सीपी सापडत नाही तेव्हा: घन संयुगांच्या उष्माधारकतेचा अंदाज

जानेवारीतल्या एका सकाळी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतून फोन आला. "सर, ट्रे ड्रायरचा हीट बॅलन्स मांडतोय. पावडरची सीपी कुठेच मिळत नाही. पाण्याची ४.१८ धरून टाकू का?"

मुलगा नुकताच रुजू झालेला, अभ्यासू. प्रश्न विचारला हेच मला आवडलं, कारण बरेच जण न विचारता ४.१८ धरून मोकळे होतात. हा लेख त्याच्यासाठी आहे, आणि सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत पहिल्यांदाच असं गणित समोर आलेल्या सगळ्यांसाठी.

सीपी म्हणजे विशिष्ट उष्माधारकता: एक किलो (किंवा एक मोल) पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता. नेहमीच्या द्रवांची आणि वायूंची सीपी पुस्तकात मिळते. घन पदार्थांची, त्यातही औषधांच्या मधल्या टप्प्यांतल्या संयुगांची, बहुधा कुणी मोजलेलीच नसते. अशा वेळी रेणुसूत्रावरून अंदाज बांधता येतो. कागद, पेन आणि दहा मिनिटं पुरतात.

आकडा कशासाठी हवाय, ते आधी ठरवा

ही पायरी नवे लोक गाळतात, म्हणून मी तिच्यावर जरा जास्त वेळ घालवणार आहे.

समजा ३०० किलो बेंझोइक ॲसिड सेंट्रिफ्यूजमधून निघालंय आणि केकमध्ये, म्हणजे त्या ओल्या गोळ्यात, ४५ किलो पाणी आहे. आपल्याकडे थंडीत माल सकाळी १२ अंशांवर असतो, निफाडच्या बाजूला त्याहूनही खाली. ड्रायरमध्ये ६० अंशांपर्यंत न्यायचा, म्हणजे फरक ४८ अंशांचा. सीपी १.२२ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश धरू. हा आकडा कुठून आला ते पुढे येईलच.

घन पदार्थ तापवायला ३०० × १.२२ × ४८, म्हणजे सुमारे १७,६०० किलोज्यूल. पाणी तापवायला ४५ × ४.१८ × ४८, सुमारे ९,०००. पाण्याची वाफ करायला, ६० अंशांवरची सुप्त उष्मा २,३५८ धरून, सुमारे १,०६,१००. शिवाय ट्रे आणि ट्रॉलीचं स्टील. ते हमखास विसरलं जातं. २०० किलो स्टील असेल तर ०.५ सीपीने आणखी ४,८००. बेरीज १,३७,५०० किलोज्यूल. बाहेर जाणाऱ्या गरम हवेतून आणि भिंतींमधून होणारं नुकसान यात धरलेलं नाही.

आता बघा, यात घन पदार्थाचा वाटा फक्त १३ टक्के आहे. सीपीचा अंदाज दहा टक्क्यांनी चुकला तरी एकूण हिशेबात फरक पडतो सव्वा टक्क्याच्या आसपास. तेवढी चूक वाफेच्या झडपेच्या एका वळशात झाकली जाते. पण ४.१८ धरलं असतं, तर घन पदार्थाचेच ६०,२०० किलोज्यूल झाले असते आणि एकूण आकडा ३१ टक्क्यांनी फुगला असता. ढोबळ अंदाज चालतो. पाण्याचा आकडा चालत नाही.

याच्या उलट, कोरडी पावडर थंड करायची असेल तर हिशेबात घन पदार्थाशिवाय दुसरं काही नसतंच. सीपीत दहा टक्के चूक म्हणजे उत्तरात सरळ दहा टक्के चूक. आणि सगळ्यात नाजूक काम म्हणजे विघटनाचा धोका तपासणं. समजा एखादी पावडर विघटन होताना किलोमागे ५०० किलोज्यूल सोडते. सगळी उष्णता आतच अडकली, तर तापमानवाढ म्हणजे ५०० भागिले सीपी. सीपी १.४३ धरली तर ३५० अंश, १.२० धरली तर ४१७ अंश. जास्त सीपी धरणारा माणूस इथे स्वतःला खोटा धीर देत असतो. म्हणून माझी पद्धत अशी: तापवण्याच्या आणि थंड करण्याच्या यंत्रणेसाठी अंदाजाचं वरचं टोक घ्यायचं, धोक्याच्या हिशेबासाठी खालचं.

रेणुसूत्र नीट उतरवून घ्या

साधं वाटतं, पण चुका इथेच होतात. डब्यावरचं लेबल आणि विश्लेषणाचं सर्टिफिकेट दोन्ही पाहा. पदार्थ निर्जल आहे की त्यात स्फटिकजल आहे? मूळ रेणू आहे की त्याचा हायड्रोक्लोराइड किंवा सोडियम क्षार? सूत्र बदललं की रेणुभार बदलतो, आणि पुढचा भागाकार त्यावरच आहे.

अणूंची बेरीज

१८१९ मध्ये द्यूलाँ आणि पेती या फ्रेंच शास्त्रज्ञांना दिसलं की बहुतेक घन मूलद्रव्यांची एका मोलची उष्माधारकता जवळपास सारखीच येते, सुमारे २५ ज्यूल प्रति अंश. पुढे हर्मान कॉप याने १८६४ च्या सुमारास तीच कल्पना संयुगांना लावली: प्रत्येक मूलद्रव्याला एक ठरावीक वाटा द्यायचा आणि रेणूतल्या अणूंप्रमाणे बेरीज करायची. हलके, घट्ट बांधलेले अणू नेहमीच्या तापमानाला पुरते हलत नाहीत, त्यांची कंपनं सुरूच होत नाहीत. म्हणून कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन यांचा वाटा २५ पेक्षा बराच कमी. हिऱ्याची सीपी मोलमागे जेमतेम ६ ज्यूल आहे. त्याचं कोडं आइनस्टाइनने १९०७ मध्ये याच विचाराने सोडवलं.

कॉपचे आकडे (ज्यूल प्रति मोल प्रति अंश, नेहमीच्या तापमानाला):

कार्बन ७.५, हायड्रोजन ९.६, बोरॉन ११, सिलिकॉन १६, ऑक्सिजन १७, फ्लोरिन २१, फॉस्फरस २३, गंधक २६, बाकी सगळे २६.

१९९२ मध्ये हर्स्ट आणि हॅरिसन यांनी मोजलेल्या सीपींवरून हे वाटे नव्याने बसवले. रोज लागणारे असे:

कार्बन १०.८९, हायड्रोजन ७.५६, ऑक्सिजन १३.४२, नायट्रोजन १८.७४, गंधक १२.३६, क्लोरिन २४.६९, फ्लोरिन २६.१६, ब्रोमिन २५.३६, सोडियम २६.१९, पोटॅशियम २८.७८, कॅल्शियम २८.२५, मॅग्नेशियम २२.६९, ॲल्युमिनियम १८.०७, सिलिकॉन १७.००, लोखंड २९.०८, तांबं २६.९२. यादीत नसलेल्या मूलद्रव्याला २६.६३.

आता बेंझोइक ॲसिड. कार्बन ७, हायड्रोजन ६, ऑक्सिजन २. नव्या आकड्यांनी: ७६.२३ + ४५.३६ + २६.८४ = १४८.४. रेणुभार १२२.१. भागाकार केला की १.२२ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश. मोजलेला आकडा मोलमागे १४६.८ आहे. कॉपच्या जुन्या आकड्यांनी १४४.१ येतात. दोन्ही पद्धती दोन टक्क्यांच्या आत.

मीठ घ्या: २६.१९ + २४.६९ = ५०.९, मोजलेलं ५०.५. यापेक्षा चांगलं काय हवं! संगमरवर किंवा चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट: नव्याने ७९.४, जुन्याने ८४.५, मोजलेलं सुमारे ८२.

साखरेवर मात्र दोन्ही पद्धती वरच्या बाजूला चुकतात. कार्बन १२, हायड्रोजन २२, ऑक्सिजन ११. नव्या आकड्यांनी ४४४.६, जुन्याने ४८८, आणि मोजलेली सुमारे ४२५. नवी पद्धत पाच टक्क्यांच्या आत राहते, जुनी पंधरा टक्क्यांनी चुकते. सेंद्रिय पदार्थांसाठी मी नवी वापरतो. या पद्धतीची सरासरी चूक दहा टक्क्यांच्या आसपास धरून चला. पाच टक्क्यांत आलं तर आनंद, पंधरा झाली तर धक्का बसू देऊ नका.

सिरॅमिक किंवा खनिज मिश्र ऑक्साइड असेल तर आणखी एक सोपा रस्ता आहे: मूलद्रव्यांऐवजी साध्या ऑक्साइडांच्या मोजलेल्या सीपी बेरजेत घ्यायच्या. मॅग्नेशियम ॲल्युमिनेट स्पिनेलसाठी मॅग्नेशियाचे (मॅग्नेशियम ऑक्साइड) ३७.२ आणि ॲल्युमिनाचे (ॲल्युमिनियम ऑक्साइड) ७९.० मिळून ११६.२ होतात. मोजलेला आकडा ११६ च्या आसपासच आहे. अणूंची बेरीज तिथे ११२.५ देते. संयुगाच्या जितके जवळचे तुकडे घ्याल, तितका अंदाज पक्का.

असेंद्रिय क्षारात हायड्रोजन दिसला की थांबा

ही पायरी मी नुकसान सोसून शिकलो, म्हणून सविस्तर सांगतो.

नोकरीचं दुसरं वर्ष. एका लहान कारखान्यात स्फटिकजल असलेला एक क्षार जॅकेटेड ब्लेंडरमध्ये (बाहेरच्या कवचातून पाणी फिरवतात तो) थंड करून पिशव्यांत भरायचा होता. ५५ अंशांवरून ३५ वर आणायचा, कूलिंग टॉवरचं पाणी २५ अंशांवर. मी सीपी काढली, वेळ काढला, शिफ्टच्या वहीत लिहून दिला. माझ्याकडून झालं असं की बेरीज निर्जल सूत्रावर केली आणि भागाकार स्फटिकजलासकटच्या रेणुभाराने. सीपी जवळपास निम्मी आली. साहजिकच वेळही निम्मा. ऑपरेटर काकांनी माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून माल काढला, आणि मीही ढिगात थर्मामीटर खुपसून पाहिला नाही. माल ३५ ऐवजी ४२ च्या आसपास होता. सकाळी पिशवी उघडली तर आतल्या प्लास्टिकच्या अस्तरावर दवासारखे थेंब आणि खाली ढेकळं. हात घातला तर मधला गोळा अजून कोमट. सगळा माल फोडून, चाळून पुन्हा भरावा लागला. त्या दिवशी काकांना मान वर करून सांगणं फार जड गेलं.

ती चूक निष्काळजीपणाची होती. पण सूत्र बरोबर घेतलं तरी अशा पदार्थांत बेरीज फसते, ती कशी ते बघा.

जिप्सम आपल्या द्राक्षवाल्यांना चांगलं माहीत आहे, चोपण जमिनीत टाकतात ते. कॅल्शियम सल्फेट अधिक पाण्याचे दोन रेणू. नव्या आकड्यांनी बेरीज १५१ येते. मोजलेला आकडा १८६. जवळजवळ १९ टक्के कमी! कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. नव्या यादीनुसार पाण्याच्या एका रेणूचा वाटा २ × ७.५६ + १३.४२ = २८.५ होतो. पण बर्फाची सीपी किलोमागे २.१ किलोज्यूल, म्हणजे मोलमागे ३८ ज्यूल आहे. स्फटिकातलं पाणी बर्फाच्या जवळ वागतं. कार्बनी सांगाड्याला चिकटलेल्या हायड्रोजनचा आकडा त्याला लावला की ते उणं पडणारच.

उपाय सोपा आहे. निर्जल क्षाराची सीपी वेगळी घ्या, मोजलेली मिळाली तर उत्तम, आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूसाठी ४० मिळवा. निर्जल कॅल्शियम सल्फेटचे सुमारे १००, अधिक दोन रेणूंचे ८०, झाले १८०. चूक तीन टक्के. बोर्डो मिश्रणातलं मोरचूद असो, मॅग्नेशियम सल्फेट असो, स्फटिकजल आलं की हीच रीत.

हायड्रॉक्साइडांचंही तसंच. विरलेल्या चुन्यासाठी नवी बेरीज ७०, जुनी ७९, मोजलेला आकडा ८७.५. दोन्ही कमी, पण जुनी कमी चुकते. अमोनियम क्षारांत तर गोंधळच. अमोनियम नायट्रेट: नवी १०८, जुनी १४१, मोजलेलं १३९. एवढ्यावरून जुनी पद्धत जिंकली म्हणावं, तर अमोनियम सल्फेट आडवं येतं: नवी १६४, जुनी २२३, मोजलेलं १८७.५. कुठलीच धड बरोबर नाही.

म्हणून असा पदार्थ आला की मी दोन्ही बेरजा करतो आणि त्यांच्यातलं अंतर पाहतो. बेंझोइक ॲसिडसारखं तीन टक्क्यांचं अंतर असेल तर पुढे जातो. अमोनियम सल्फेटसारखं ३५ टक्क्यांचं असेल तर कागदावरच्या कुठल्याही आकड्याला मी पक्का म्हणत नाही. तिथे मोजमाप करावं लागतं. अंतर कमी असणं ही हमी नव्हे, साखरेत दोन्ही एकाच बाजूला चुकल्या. पण अंतर जास्त असणं हा इशारा नक्की आहे.

तापमान

वरचे सगळे आकडे २५ अंशांच्या आसपासचे. सेंद्रिय घन पदार्थाची सीपी तापमानासोबत बऱ्यापैकी वाढते, साधारण केल्विनमधल्या तापमानाच्या ०.७९ व्या घाताच्या प्रमाणात. २५ वरून ७० अंशांवर गेलात तर ३४३ भागिले २९८, त्याचा ०.७९ वा घात, उत्तर १.१२. म्हणजे १२ टक्के वाढ. सूत्र वितळणबिंदूच्या खालीच वापरा. साधे क्षार एवढे वाढत नाहीत. मीठ दोनशे अंश वर गेलं तरी वाढ दहा टक्क्यांच्या आत राहते.

एक सावधानता: काही पदार्थ घन असतानाच एका रचनेतून दुसऱ्या रचनेत जातात आणि तिथे वेगळी उष्णता लागते, जी सीपीच्या कुठल्याच बेरजेत नसते. अमोनियम नायट्रेट ३२ अंशांवर असं बदलतं. नाशिकच्या एप्रिलमध्ये पत्र्याच्या गोडाऊनमध्ये ते हा टप्पा दिवसा ओलांडतं आणि रात्री परत येतं. त्याचे दगड होण्यामागे हेही एक कारण आहे.

ताळा

आकडा आला की तीन गोष्टी पडताळा. मोलची सीपी भागिले अणूंची संख्या: नेहमीच्या तापमानाला उत्तर २५-२६ च्या फार वर जाता कामा नये. मीठ २५, जिप्सम १५.५, साखर ९.४. दुसरं, किलोमागे बघा: सेंद्रिय पावडरी बहुधा १.० ते १.५ च्या दरम्यान येतात, साधे क्षार ०.६ ते १.१, जास्त हायड्रोजनवाले थोडे वर. ३ किंवा ४ आलं तर तुम्ही कॅलरी आणि ज्यूल यांची गल्लत केलीये. बॉयलरवरचे जुने लोक अजून किलोकॅलरीत बोलतात. एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल. तिसरं, मिश्रण असेल तर वजनाच्या प्रमाणात सरासरी घ्या, मोलच्या नाही, कारण तुमच्यापुढचा माल किलोत आहे.

पैसे आणि वेळ असेल तर नमुना डीएससीला (नमुना तापवताना त्याला लागणारी उष्णता मोजणारं प्रयोगशाळेतलं यंत्र) पाठवा. नसेल तर चहाचा थर्मास पुरतो. पाण्यात न विरघळणाऱ्या पदार्थासाठी मी असं करतो. आधी थर्मासचा स्वतःचा वाटा काढायचा: मोजलेलं थंड पाणी आत, मोजलेलं गरम पाणी वरून, आणि अपेक्षित तापमानापेक्षा किती कमी आलं त्यावरून. माझ्या थर्मासचा सुमारे ०.०६ किलोज्यूल प्रति अंश आहे. मग २५० ग्रॅम पाणी २२ अंशांवर भरायचं. २०० ग्रॅम कोरडी संगमरवराची खडी पातळ पिशवीत बांधून ७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायची. पिशवी बाहेरून पुसून, झटकन खडी थर्मासमध्ये ओतायची, बूच लावायचं, हळूहळू हलवत दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहायचं. सीपी ०.८२ असेल तर पाणी २८.२ वर येऊन स्थिरावतं. वाढ जेमतेम सहा अंशांची आहे, त्यामुळे वाचनात ०.२ ची चूक म्हणजे उत्तरात तीन-साडेतीन टक्के. दशांश दाखवणारा थर्मामीटर घ्या आणि प्रयोग तीनदा करा. पदार्थ पाण्यात विरघळत असेल तर पाण्याऐवजी तो ज्यात विरघळत नाही असं तेल घ्या, तेलाची सीपी आधी माहीत हवी एवढंच. विषारी, ज्वालाग्राही किंवा विघटन होणाऱ्या पदार्थावर हा प्रयोग करू नका.

शेवटी हिशेबाच्या कागदावर आकड्याशेजारी तो कुठून आला ते लिहा. अंबडच्या त्या मुलाने संध्याकाळी पाठवलेल्या फोटोत ही ओळ होती, आणि मी ती जशीच्या तशी ठेवायला सांगितली: "बेंझोइक ॲसिड, घन, निर्जल, २५ अंश. सीपी १.२२, अणूंच्या बेरजेने, नवे आकडे. जुन्या आकड्यांनी १.१८. एकूण भारात वाटा १३ टक्के. ६० अंशांपर्यंत वाढ धरलेली नाही."